पहिल्या रकान्यातलं काम

दुपारच्या पाळीचा टेम्पो यायला अजून अवकाश होता. मिथुन उंबऱ्यावर बसून मोबाइलवर प्रश्न सोडवत होता. जालन्याच्या एमआयडीसीत, एका रोलिंग मिलमध्ये तो कामाला. फिरत्या रुळांतून सुटून आलेली लाल तापलेली सळई चिमट्यानं धरायची आणि पुढच्या रुळांत घालायची. दिवाळीनंतर एक सळई उसळली आणि शेजारच्या माणसाच्या मांडीत घुसली. तेव्हापासून चिमटा उचलला की मिथुनचे हात गार पडत. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही.

चुलतभाऊ संघपालनं लिंक पाठवली होती : ‘तुमच्यासाठी योग्य काम कोणतं? मोफत चाचणी.’ चाचणीनं दुसरं काही सुचवलं की तेच घरात दाखवायचं, म्हणजे आपल्याला तोंड उघडायला नको, असा मिथुनचा बेत होता.

प्रश्न कुठल्यातरी परक्या भाषेतून ओढूनताणून आणलेले. ‘तुम्ही संघाचे खेळाडू आहात का?’ गावी राजूरला असताना तो कबड्डी खेळायचा. त्यानं ‘होय’ दाबलं. ‘तुम्ही दबावाखाली काम करू शकता का?’ डोळ्यांपुढे फिरते रूळ आले. ‘कधीच नाही.’

निकाल आला : ‘अभिनंदन! रोलिंग मिल कामगार.’

त्यानं सगळी उत्तरं उलटी करून पुन्हा चाचणी दिली. पुन्हा तेच.

“काय करून राह्यलात मघापासून?” शिलाई मशीनवरून पायल उठून आली.

“ह्याला बराबर ठाऊक हाय, पायल. मला दुसरं काम न्हाईच.”

तिनं मोबाइल घेतला. वरच्या पहिल्याच रकान्यात विचारलं होतं, ‘सध्याचं काम?’ तिथलं मिथुननं लिहिलेलं ‘रोलिंग मिल कामगार’ पुसून तिनं ‘कलेक्टर’ लिहिलं आणि प्रश्न न वाचता बटणं दाबत सुटली.

“घ्या! मी कलेक्टर झाले. उठा, मॅडमला चहा ठेवा.” ती हसत सुटली. “अवं, आपण सांगतो तेच वापस करतंय हे येडं.”

मिथुन हसला नाही. चाचणी खोटी निघाली म्हणजे आता सांगायचं ते त्यालाच सांगावं लागणार होतं.

पायलचं हसू ओसरलं. “पर तुम्हाला दुसरं काम कशाला पाहिजे?”

गल्लीच्या तोंडाशी टेम्पोचा हॉर्न वाजला.

“मला भ्या वाटतं,” तो म्हणाला. “सळईचं.”

टेम्पो दारापुढे येऊन थांबला.

“चल रे, जल्दी!” ड्रायव्हर ओरडला.

मिथुन उठून दारात गेला. “न्हाई येत. भ्या वाटून राह्यलंय.”

मागं बसलेल्यांपैकी कुणीच हसलं नाही.

“मंग कोणाला वाटत न्हाई?” ड्रायव्हर म्हणाला. “बस.”

मिथुन बसला नाही. ड्रायव्हरनं थोडा वेळ वाट पाहिली, मग गिअर टाकला.