कापलेला किनारा

कुठलाही फोटो हातात आला की माणिकराव आधी खिशातून काळ्या पुठ्ठ्याचे दोन काटकोन काढत. ते फोटोवर ठेवून, पुढेमागे सरकवून, नको तेवढं झाकत. माझ्या मुलीच्या वाढदिवसाचा फोटो मी कौतुकाने दाखवला, तर त्यांनी काटकोन सरकवत सरकवत माझ्या दोन्ही नणंदा बाहेर काढल्या आणि म्हणाले, "आता बगा ताई. आता लेकरू दिसालंय." फोटो खरोखरच सुधारला होता. नणंदांना मी ते सांगितलं नाही.

दिलसुखनगरच्या पलीकडे आमची कॉलनी. ते तळमजल्यावर, आम्ही वर. त्यांचं घराणं नांदेडकडचं, शेतकरी. वडिलांनी अफझलगंजात कापडाचं दुकान काढलं, माणिकरावांनी ते चाळीस वर्षं चालवलं आणि भाच्याच्या हाती देऊन ते पाखरांच्या मागे लागले. आम्ही पुण्याचे. त्यांचं मराठी मला पहिलं वर्षभर अर्धंच कळायचं. कॉलनीमागे मोठं तळं होतं, इकडे सगळे त्याला चेरुवुच म्हणतात. डॉक्टरांनी मला चालायला सांगितलं होतं, म्हणून रविवारी सकाळी मी त्यांच्याबरोबर तिथे जाऊ लागले.

ते काठावर पोतं अंथरून पालथे पडत आणि कॅमेरा पाण्याला टेकेल इतका खाली धरत. "उभं राहून काढला की पाखरू नोकरावानी दिसतंय. त्याच्या डोळ्याला डोळा पायजे." पाखरू जिकडे बघतं त्या बाजूला फोटोत मोकळी जागा हवी, हा त्यांचा दुसरा नियम. "भिंतीकडं तोंड करून कोण बसतंय, ताई?" शेपटीचं टोक कापलं गेलं, पाण्यातलं प्रतिबिंब अर्धंच आलं, की फोटो बाद. एकदा एका हळदीकुंकू बदकासाठी ते पाऊण तास असे पडून होते. म्हशी घेऊन चाललेला एकजण थांबला. "क्या हुआ चाचा, गिर गये क्या?" माणिकराव न हलता म्हणाले, "हौ. तुम हल्लू जाओ, बस."

घरी आल्यावर कॉम्प्युटरवर छाटणी सुरू होई. तळ्याच्या उत्तरेच्या काठावर विजेचा मोठा टॉवर होता, पाणी त्याच्या पायथ्यापर्यंत असे. हा टॉवर हमखास फोटोत घुसायचा आणि हमखास कापला जायचा. कापलेला फोटो ते मूळ फोटोच्याच जागी साठवत. मूळ वेगळा ठेवावा, असं मी एकदा सुचवलं.

"फाडलेलं कापड ताग्याला जोडतेत का? कात्री एकदाच चालवावी. चिंध्या सांभाळत बसलो असतो तर दुकान बुडालं असतं."

कॉलनीच्या कॅलेंडरसाठी फोटो निवडताना 'तो टॉवर तेवढा काढून टाका' असं दरवर्षी मीच सांगायचे.

तीन वर्षांपूर्वी टॉवरच्या बाजूला राडारोड्याचे टिप्पर रिकामे होऊ लागले. मी सोसायटीची सेक्रेटरी होते, तळं बुजवलं जातंय अशी मी तक्रार केली. सुनावणीत प्लॉट पाडणाऱ्यांच्या वकिलाने सांगितलं की तिथे पाणी कधी नव्हतंच, ती पहिल्यापासून कोरडी जमीन आहे. नकाशात काठ नीट उमटलेला नव्हता. अधिकाऱ्यांनी मला सरळ विचारलं, टॉवर आणि पाणी एकत्र दिसेल असा जुना फोटो आहे का? टॉवर हलत नाही, त्यावरून जागा ठरेल. एक फोटो पुरे. मी म्हटलं, एक कशाला, चौदा वर्षांचे आहेत.

त्या संध्याकाळी आम्ही दोघं त्यांच्या कॉम्प्युटरपुढे बसलो. टिबुकली, मागे हिरवं धुकं. जांभळी पाणकोंबडी, मागे निळं धुकं. बदकं, बगळे, कमळपक्षी, सगळ्यांच्या पुढे नेमकी मोकळी जागा. आठ हजारांवर फोटो आणि एकातही काठ नाही. कॉलनीतल्या इतरांच्या फोनमध्ये त्यांचे स्वतःचेच चेहरे होते. तिसऱ्या दिवशी माणिकरावांना एका टिबुकलीच्या मागे, कोपऱ्यात, पाण्यात पडलेली तिरकी राखाडी रेघ सापडली.

"टॉवरचा पाय हाय ह्यो," ते म्हणाले. "तिकडं कात्री चुकली माझी."

पुढच्या सुनावणीला ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. अधिकाऱ्यांनी फोटो उजेडात धरला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाले की हे कुठल्याही पाण्यातलं कुठलंही लोखंड असू शकतं. मग फोटो वकिलाकडे गेला. "फोटो भोत अच्छा है अंकल," वकील म्हणाला. "दीवार पे लगाने के लायक." तो चेष्टा करत नव्हता. माणिकराव सवयीने "शुक्रिया" म्हणून गेले. परतताना रिक्षाने मलकपेठ मागे टाकलं. मग ते म्हणाले, "चांगला हाय म्हनूनच कामाचा न्हाई, ताई."

तक्रार फेटाळली गेली. त्यानंतर ते रोज सकाळी काठावर एकाच ठिकाणी उभे राहून एकच फोटो काढत. उभ्यानेच, कारण पालथं पडण्याजोगं तिथे काही उरलं नव्हतं. टॉवर, टिप्पर, मातीचे ढीग, चुन्याने आखलेले प्लॉट, सगळं एकत्र. क्षितिज कललेलं असे तरी ते सरळ करत नसत. फोटोची प्रिंट काढून मागे तारीख घालत आणि मला आणून देत. 'आता काय उपयोग?' असं मी एकदा विचारलं. "काही कापलं न्हाई, येवढंच," ते म्हणाले. एकदा एका ढिगाऱ्यावर टिटवी बसलेली मला दिसली, तांदळाच्या दाण्याएवढी. मी बोट ठेवलं तर म्हणाले, "असू द्या."

मागच्या हिवाळ्यात ते झोपेत गेले. ते सगळे फोटो माझ्या कपाटात आहेत. प्रत्येकावर तारीख आहे, प्रत्येकात टॉवर स्पष्ट आहे, पुरावा म्हणून त्यांत कुणालाही खोट काढता येणार नाही. त्यांवरून एकच गोष्ट सिद्ध होते. टॉवरच्या पायथ्याशी कोरडी जमीन आहे.