हंबीररावांचा हात

मंगळवार पेठेत तालमीच्या मागं आमचं घर. आमचं मालक, म्हंजी माझं नवरं हंबीरराव, तालमीचं वस्ताद. कुणाचा खांदा निखळू दे, कुणाचा गुडघा सरकू दे, माणूस बोंबलत यायचा आणि हसत जायचा. डोळं मिटून नुसता हात फिरवला की ह्यास्नी कळायचं कुठं काय बिघडलंय ते. आणि असला हा गडी कुत्र्याला भ्यायचा. हसू नका. लग्न झाल्यावर मीबी हसलोच की. मग सासूनं कारण सांगितलं आणि माझं हसू पळालं.

मालक दहा वर्साचं असताना त्यास्नी आणि थोरल्या भावाला एकच पिसाळलेलं कुत्रं चावलं. ह्यांच्या पोटात चौदा इंजेक्शनं दिली. भाऊ सुईला भिऊन उसात लपला, मला दात लागलाच न्हाय म्हणाला. महिन्याभरानं पाण्याचा तांब्या बघून किंचाळाय लागला. बाजेला बांधून ठेवला व्हता त्याला. तिसऱ्या दिवशी गेला. मालकांनी उंबऱ्यात बसून सगळं बघितलं. तवापास्नं गल्लीत कुत्रं भुकलं तरी ह्यांचं हात गार पडायचं.

शहाण्णव साली मे महिन्यात गुंडू धनगर दारात आला. पाऊस लागायच्या आत राधानगरीकडनं बकरी घेऊन पूर्वेला, जतच्या माळाला निघालेला. तळ कळंब्याजवळ टाकून हा कुत्र्याला घेऊन आलता. भुऱ्या त्याचं नाव. चांगलं थोराड कुत्रं, पर उजवा पुढचा पाय भुईला टेकत नव्हतं.

"पैलवानांची हाडं बसवतायसा म्हणं. ह्यो बी आमचा पैलवानच हाय. जरा हात लावा की, वस्ताद."

मालक सरकत सरकत सोप्यातल्या भिंतीला टेकलं. दारात तालमीतलं चार पैलवान उभं. आता ह्यांची अब्रू जाती म्हणून माझीच पाचावर धारण बसली, आणि मी थाप ठोकून दिली. "पावणं, वस्तादांचं मारुतीचं व्रत हाय. कुत्र्याला शिवत न्हाईत. लांबनं सांगतील तसं करा."

गुंडूनं हात जोडलं. मालकांनी लांबनंच पायाचं मनगट चोळाय सांगितलं, तेल दिलं. चार दिवसांत भुऱ्या पळाय लागला असा निरोप आला. "चिमणे, वाचवलंस बघ," मालक म्हणालं. मला लई शानपण केल्यागत वाटलं.

फुडच्या साली मे महिन्यात गुंडू परत हजर, आणि भुऱ्या परत लंगडा. "तळावर पडून असला की बरा असतोय. बकरी चालाय लागली की दोन कोसात पाय उचलतोय." मालकांनी लांबनंच पट्टी बांधाय सांगितली. तिसऱ्या सालीबी तेच. गुंडू गेल्यावर मालक म्हणालं, "मला वाटतंय दुखणं मनगटात न्हायच. पर हात लावल्याबिगर कसं कळणार?"

"मग लावा की!"

"मरंन मी, चिमणे." खरंच घाम फुटलता त्यास्नी. मी तो इषय तिथंच सोडला.

नव्व्याण्णव साली गुंडू आला तो वाळून काटकी झालता. गेल्या पावसाळ्यात जतच्या माळाला कळपात लांडगं शिरलं. भुऱ्या त्यांच्या अंगावर गेला आणि चार ढांगा टाकून तोंडावर आपटला. त्याच्या डोळ्यांदेखत लांडग्यांनी अकरा कोकरं नेली. "माझा भाऊ म्हणतोय, औंदा पाय बरा झाला न्हाय तर वाटंत सोडून जायचं. लंगडं कुत्रं एकलं माळावर किती दिस टिकतंय, आक्का? वस्ताद, एकदाच शिवा. मारुतीला मी नारळ फोडतो, पाप माझ्या डोस्क्यावर."

मी मालकांस्नी आत वढलं. "आज हात लावा, न्हायतर मी भाईर जाऊन खरं काय ते सांगतो!"

मालक भाईर आलं. गुंडूनं पटक्याच्या शेवानं भुऱ्याचं तोंड बांधलं आणि त्याला मांडीखाली दाबून धरलं. मालकांचा हात दोनदा फुडं गेला, दोनदा मागं आला. भुऱ्या घशातल्या घशात गुरगुरला तसं ह्यांचं डोळं पांढरं झालं. मला वाटलं, आता पडत्यात. पर पडलं न्हाईत. हात टेकला. मनगटावरनं कोपरावर, कोपरावरनं खांद्यावर गेला आणि तिथंच थांबला. मालकांनी डोळं मिटलं.

मग मालक बोललं, ते गुंडूच्या तोंडाकडं न बघताच. "गुंडू, व्रत-बित काय न्हाय. मी कुत्र्याला भितो. मनगटात काय नव्हतंच, खांदा सरकला व्हता. पैल्या साली हात लावला असता तर एका हिसक्यात बसला असता. आता हाडानं तिथंच घर केलंय. ह्यो परत पळणार न्हाय."

गुंडूनं माझ्याकडं बघितलं. "आक्का, भ्या वाटतंय म्हणून तवाच सांगायचं की. भ्या कुणाला न्हाय? व्रत म्हणालासा म्हणून मी गप बसलो. न्हायतर गारगोटीला जनावरांचा डागदर बसतोय, तिकडं नेला असता."

मला तोंड वर करवंना. त्यानं पटका सोडला, भुऱ्याला उचलून खांद्यावर घेतलं आणि चालाय लागला. एवढं जड कुत्रं, पर त्याच्या अंगावर गप पडून व्हतं. गल्लीच्या तोंडापतूर मी मागनं पळत गेलो.

"गुंडूदादा, भुऱ्याचं काय करणार?"

त्यानं वळून न बघता भुऱ्याला खांद्यावर नीट सावरून धरलं आणि कळंब्याच्या वाटंला लागला.