मुका मध्यम

धुळ्याच्या मुलींच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. आदल्याच वर्षी जळगावला माझी आई गेली होती. देवपुरात एक खोली भाड्याने घेतली. मालकीण भिंतीपलीकडे राहायची; पन्नाशीची, विधवा. सगळे तिला अक्का म्हणत. दिवसभर मुलींना इंग्रजी शिकवून घसा बसे, आणि संध्याकाळी पांझरेचा पूल ओलांडून घरी आले की सकाळपर्यंत बोलायला कुणी नसे. रविवार तर फारच लांब वाटे.

आई दळताना एक ओवी म्हणायची. तिची चाल मला पाठ होती, पण माझा गळा बेसूर. ती चाल त्या खोलीत एकदा तरी धड ऐकू यावी, एवढ्यासाठी मी वाद्य घ्यायचं ठरवलं. बाजाची पेटी घेतली असती तर गल्लीभर चर्चा झाली असती. तोंडाचा बाजा, म्हणजे तुम्ही ज्याला माउथ ऑर्गन म्हणता तो, पिशवीत मावतो.

आग्रा रोडवरच्या एका सायकलवाल्याकडे ते मिळत. त्याने तीन समोर मांडले.

"भावासाठी का, बाई?"

"हो," मी खोटंच सांगितलं.

एक उचलून ओठांकडे नेणार, तोच तो ओरडला, "अहो, उष्टा कराल! मग दुसरं कोण घेईल?"

त्याची रीत वेगळीच होती. सायकलचा पंप घेऊन तो एकेका भोकात हवा मारी आणि गिऱ्हाइकाला सूर ऐकवी. तिन्हींपैकी ज्याचे सूर मला सर्वांत गोड लागले, तो मी घेतला.

घरी येऊन वहीत तक्ता आखला: कोणतं भोक, कोणता सूर. तेव्हा कळलं की फुंकल्यावर सा, ग, प येतात. रे, म, ध, नी यांसाठी श्वास आत ओढावा लागतो. पंप काही हवा ओढत नाही. माझ्या बाजातला मध्यम मुका होता. कितीही ओढलं तरी नुसती हवा. आणि आईच्या ओवीत प्रत्येक ओळ मध्यमावरच टेकते.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेले. "आता तो तुमच्या तोंडचा झाला," दुकानदार म्हणाला, आणि हसून, "भावाला सांगा, जोरात ओढ म्हणावं."

अक्काने बाजा पाहिला तेव्हा पदर तोंडाला लावला. "बठ्ठं उष्टं शे हाई! मना पाण्याजोडे ठेवू नका." मी तो तिच्या पाण्याच्या माठापासून दूर, खुंटीवर, पिशवीत ठेवू लागले.

तरी रोज दिवेलागणीला वाजवायची. आधी एकेक भोक, मग सा ते ग, मग अर्धी ओळ. महिन्याभरात ओवी बसली, पण मध्यमाशी आली की खड्डा. एका संध्याकाळी न राहवून मी तिथे बाजा ओठांपासून काढला आणि तो सूर तोंडाने म्हटला.

भिंतीपलीकडून अक्का खळखळून हसली. "बाई, तुम्हना सूर खाले पडना!"

मला रडू यायच्या बेतात होतं. मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, हट्टाने. खड्ड्याशी थांबले, आणि पलीकडून तिने तो सूर लावला. बरोब्बर. तिनेही जन्मभर जात्यावर ओव्याच म्हटल्या होत्या. मी पुढे वाजवलं, ती पुढच्या ओळीला तयार होती. ओवी शेवटापर्यंत गेली.

मी उठून तिच्या दाराशी गेले. दार लोटलेलं होतं. "अक्का," मी हाक मारली.

"भाकरी टाकी ऱ्हायनू," आतून उत्तर आलं. दार उघडलं नाही.

मी खोलीत परत आले. ओवी पुन्हा वाजवावीशी वाटली नाही. ती पुरी झाली होती. पण ते सांगायला आता कुणी नव्हतं, हे त्या संध्याकाळी मला आईच्या जाण्यापेक्षाही जास्त लागलं.