भिंगरी आणि पिवळे पुंजके

घरात तिला भिंगरी म्हणत. बसली तर पाय हलणार, झोपली तर कूस. नवरा म्हणायचा, "हिचा फोटो काढायचा तर आधी खुर्चीला बांधा."

घरामागे नणंदेचे कोबीचे वाफे. राबणूक दोघींची, शब्द नणंदेचा. अळ्यांनी मागल्या हंगामात गड्ड्यांची चाळण केली होती, म्हणून यंदा नणंदेनं निर्वाणीचं सांगितलं, "वहिनी, ह्या खेपेलाही असंच झालं तर वाफे सपाट करून गाड्या लावायला जागा देते."

भिंगरीला वाटलं, वाफे गेले तर हे हात न्यायचे कुठे? उजाडायच्या आत ती वाफ्यात. पान उलटायचं, अळी टिपायची. काही अळ्यांना पिवळसर दाण्यांचे पुंजके चिकटलेले असत. "भवानीनं अंडीपण इथंच घातली!" म्हणत ती ते अंगठ्यानं चिरडायची. तरी अळ्या आपल्या वाढतच.

शेवटी नणंदेला अंड्यांचा पुरावा दाखवायला तिनं एक पुंजका अळीसकट बरणीत घातला, वर फडकं बांधलं. पुढं बरणी खिडकीतच राहिली. एक दिवस बघते तर अळी मरून वाळलेली, आणि फडक्याखाली चिलटाएवढ्या काळ्या माश्या भिरभिरताहेत.

बरणी घेऊन ती तशीच पिकांच्या औषधवाल्याकडं धावली. तो हसला.

"बाई, ही अंडी नव्हेत, कोश. ही बारकी गांधीलमाशी. अळीच्या पोटात अंडी घालते, पिल्लं अळीला आतून पोखरतात, मग बाहेर येऊन हे कोश विणतात. आणि तिला बोलावतो कोण? तुमचा कोबीच! पान कुरतडताना अळीची लाळ लागली की पान निराळाच वास सोडतं. माशी त्या वासावर येते."

"म्हणजे कोबी बोंब मारतोय, राखणदार धावतोय, आणि मी..."

"त्याच्या पोरांचा चेंदामेंदा करताय. आता फवारूही नका. तेवढ्यानं माझं दुकान काही बुडत नाही."

तिनं घरी येऊन बरणी वाफ्यात उघडली. तिथं नणंद पाठीला पंप लावूनच उभी. भिंगरीनं सगळं सांगितलं.

"वन्सं, पंधरवडा थांबा."

"तुम्ही थांबणार? चहाला उकळी येईस्तोवर दम निघत नाही तुम्हाला!"

"मी वाफ्यात पाऊल टाकलं तर खुशाल फवारा."

नणंदेनं पंप उतरवला. अन् भिंगरीचे हाल सुरू झाले. घासलेली भांडी परत घासली. धड असलेली गोधडी उसवून परत शिवली. खिडकीतून पानांची भोकं दिसत, की उंबऱ्यापर्यंत जाई अन् चौकट धरून परत फिरे. नवऱ्यानं फरशी झिजेल म्हणून चिडवलं, तर त्याच्यावरच खेकसली.

पंधरवडा सरला. नणंद एकटीच वाफ्यात शिरली, खालचं पान तोडून आली. पिवळ्या पुंजक्यांनी भरलेलं. अन् मुद्दाम अंगठा उगारला.

"हात लावाल तर बघा!" भिंगरी किंचाळली.

"अगंबाई! एवढी बोंब तर कोबीनंही मारली नसेल." नणंद हसली. "बाहेरची पानं गेलीत. गड्डे मात्र घट्ट आहेत."

पंप माळ्यावर गेला. भिंगरी वाफ्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. पाय हलत होते. आत जायला आता कुणाची आडकाठी नव्हती, पण हात कशाला लावावा तेच कळेना.