नावं काढणारा माणूस

सोमवार, बेलापूर, अग्निशमन नियंत्रण कक्ष. हजर: मी, फोन घेणारे दोघे आणि सॉफ्टवेअर कंपनीचा माणूस.

लोकांनी मदतीसाठी केलेल्या फोनच्या रेकॉर्डिंगमधून तो नावं-पत्ते काढतो. उरलेलं बोलणं कंपनी सॉफ्टवेअर सुधारायला वापरते, प्रात्यक्षिकांत ऐकवतेही. ही सवय त्याच्या बोलण्यातही उतरली आहे. डबा उघडला की म्हणतो, "आज एका महिलेने भेंडी दिलीय." ती महिला म्हणजे त्याची बायको.

आज घणसोली गावातल्या एका भाडेकरू बाईंच्या जुन्या फोनचं रेकॉर्डिंग लागलं. घरमालकाने मुलाच्या वरातीचा घोडा तिसऱ्या मजल्यावर चढवला होता आणि तो खाली उतरेना. "दादा, मी फोन केला हे मालकाला कळू देऊ नका, खोली जाईल माझी."

"नाव काढलं, पत्ता काढला. झालं, मॅडम."

"अहो, तिसऱ्या मजल्यावर घोडा नवी मुंबईत आणखी कोणाकडे आहे? आणि बाईंचा आवाज?"

त्याने घोड्याचा 'प्राणी' केला, मजला गाळला आणि माइक लावून बाईंची सगळी तक्रार स्वतःच्या आवाजात बोलला. 'खोली जाईल माझी' हे वाक्य तर त्याने पुन्हा पुन्हा रेकॉर्ड केलं.

मूळ रेकॉर्डिंग पुसणं बाकी आहे. त्यासाठी बाईंचा अर्ज लागतो, सोबत पत्त्याचा पुरावा आणि त्यावर घरमालकाची सही.