मिरचीच्या नावावर खपवलेलं रडू

हे मी आजवर कोणालेच सांगितलं नाही. सुमनले, माझ्या बायकोलेही नाही — पण तिले ते माझ्याआधीच माहीत असावं.

मी चौथी नापास माणूस. तरी नागपुरातल्या सदरचे साहेब लोक गाडी करून माझ्या सावजी खानावळीत जेवाले येत. उगाच नाही सांगत — माझ्यासारखा रस्सा आजही कोणाच्या हाताले जमत नाही. भिवापुरी मिरची कढईत किती पडली, हे मी नुसत्या वासावरून सांगतो. मिरचीच्या बाबतीत मले कोणी फसवू शकत नाही. हे ध्यानात ठेवा — माझं पाप इथंच आहे.

सुमनची आई उमरेडले वारली. तेरवी करून आलो अन् दुसऱ्याच दिवशी खानावळ उघडली — गिऱ्हाईक थांबते का? सुमन मसाला भाजून राहिली होती अन् डोळ्यांतून नुसती धार. एका गिऱ्हाइकानं विचारलं, "वहिनी काहून रडून राहिल्या गा?"

मीच म्हटलं, "रडते कुठं! मिरची हाय ते. सावजीच्या घरची बाई, अन् अजून धूर सोसत नाही तिले!"

सारी पंगत हासली. "घरच्यालेच रडवते, मंग आमचं काय खरं हाय, भाऊ!"

माझी छाती फुगली. सुमननं पदरानं डोळे पुसले, तीही हासली. "हो, मिरचीच हाय."

मंग तेच चाललं. तिच्या भावानं तिच्याशी बोलणं सोडलं, तवा मी म्हटलं — "तिखट लागलं का वं?" पोटातलं पोर गेलं — तवाही तेच. हळूहळू ती मसाला भाजायच्या दिवशीच रडू लागली. सोयीचं होतं. मलेही.

अन् आता परवाची गोष्ट. पोरगी वैशाली मिहानमध्ये नोकरीले आहे. सासरहून बॅग घेऊन एकटीच आली. जेवता जेवता थांबली. डोळ्यांचं पाणी ताटात. माझ्या तोंडून आपसूकच निघालं — "तिखट लागलं का वं, पोरी?"

"हो बाबा. तिखटच झालं," ती हासून म्हणाली.

आवाज आईचा. हासणंही आईचंच. हे तिले कोणी शिकवलं?

सुमनचा वाढता हात थांबला. "वरण-भात हाय आज," ती म्हणाली. "डॉक्टरनं तुमची मिरची बंद केल्यापासून या घरात तिखट हाय कुठं?"

आता सांगतोच. मिरचीच्या धुरानं माणूस रडते, तवा आधी ठसका लागते, नाक वाहते, मंग डोळे. सुमनले त्या दिवशी ठसका नव्हता. नंतरही कधीच नव्हता. मले माहीत होतं — पहिल्या दिवसापासून. मिरची ओळखणाऱ्या माणसाले एवढं ओळखू येणार नाही का? पण "काय झालं वं?" विचारलं, की ती सांगणार. मंग ऐकत बसावं लागणार. विस्तवाले मी कधी भ्यालो नाही. बायकोच्या उत्तराले भ्यालो.

अन् परवा? वैशाली माझ्याकडं पाहून राहिली होती. बाप विचारते का, म्हणून. मी भात कालवला अन् म्हटलं, "वरण चांगलं झालं."

ती उठली. ताट घेऊन आईच्या मागं आत गेली. मी बाहेर जेवत राहिलो. कान माझे अजून पक्के आहेत — आतून दोघींच्याही रडण्याचा आवाज येत होता.

ठसका एकीलेही नव्हता.