बेटावरचे आबा

उघड्या पाण्यातही आबांची होडी कधी सरळ जात नसे. पवनानगरच्या काठावरून निघालं की बेट समोर दिसायचं, मध्ये अडवायला काडीसुद्धा नाही. पण आबा थोडं पुढे जाऊन डावीकडे वळायचे, मग काटकोनात उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. पहिल्या खेपेला मला वाटलं, म्हाताऱ्याला दिसत नाही. मी तसं बोलूनही दाखवलं, माझं तोंड कधी गप्प बसलंय? वल्हं न थांबवता आबा म्हणाले, "बाई, खाली गल्ली हाये. कुनाच्या घरावरनं कसं जायाचं?"

धरणात गाव बुडालं तेव्हा आबांना नुकतं मिसरूड फुटलं होतं. गावातल्या तीन उंच जागा तेवढ्या पाण्याबाहेर राहिल्या, त्यांची बेटं झाली. एकावर शेजारच्या गडाच्या पहारेकऱ्यांच्या घरांची जोती, दुसऱ्यावर मोडकी तुळशीवृंदावनं, आणि सगळ्यात मोठ्यावर भैरोबाचं देऊळ आणि त्याच्यापुढे वीरगळांची रांग. लोक मिळेल तिकडे पांगले. आबा काठावरच राहिले, मासे धरायचे आणि होडी चालवायचे. मी तळेगावच्या शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेली. घरात बसवेना, म्हणून रविवारी दहा-बारा माणसं गोळा करून जुनी ठिकाणं दाखवत हिंडायचे. बेटं दाखवायची तर आबांशिवाय गत्यंतर नव्हतं.

वीरगळ म्हणजे लढताना पडलेल्या माणसासाठी उभा केलेला कोरीव दगड. त्यावर एकावर एक चौकटी असतात आणि त्या कशा वाचायच्या हे मी पंधरा मिनिटं समजावून सांगत असे. आबांना तेवढा वेळ लागत नसे. "खाली मेला, मधी उचालला, वर द्येवापाशी बसला," एवढं बोलून ते मोकळे. एकदा आमच्यातल्या एका गृहस्थांनी, हा दगड कुठल्या सालचा, म्हणून त्यांचा पिच्छाच पुरवला. आबा शांतपणे म्हणाले, "साल तुमास्नी लागतं. त्याला मरायला लागलं." गृहस्थांनी वही मिटून खिशात घातली. मला मनातून फार बरं वाटलं.

रांगेतल्या पाचव्या दगडापाशी मात्र आबा रेंगाळायचे. त्याच्या तळाशी दीड ओळ अक्षरं होती, शेंदराखाली अर्धी बुजलेली. आबांना लिहिता-वाचता येत नव्हतं. ते खाली बसून त्या ओळीवरून बोट फिरवायचे आणि म्हणायचे, "हितं नाव हाये." त्यांच्या घरचा निवद पिढ्यानपिढ्या याच दगडाला जायचा, म्हणजे माणूस त्यांच्यातलाच असणार. मी चष्मा पुसून, वाकून, आडवी-तिडवी होऊन पाहिलं. ती जुनी अक्षरं मला लागेनात. तीस वर्षं इतिहास शिकवला आणि एका दगडावरचं नाव वाचता येईना, याची मला खरंच लाज वाटली.

"कोन जानकार आना, बाई," आबा दर खेपेला म्हणायचे. "घर ग्येलं, श्यात ग्येलं. मरायच्या आधी त्याचं नाव तरी माज्या तोंडात येऊ द्या." दुसरं काही त्यांनी माझ्याकडे कधी मागितलं नाही.

मी सरकारी कचेरीत अर्ज करत राहिले. दोन वर्षांनी एकदाचं उत्तर आलं, एक अधिकारी पाहणीला येणार. मी तिथल्या तिथे आबांना फोन लावला. म्हटलं, "साहेब येताहेत. दगड अगदी स्वच्छ दिसले पाहिजेत." एवढंच म्हटलं, दुसरं काही सांगितलं नाही.

साहेब वयाने लहान, वागायला चांगला होता. अक्षरांचा ठसा घ्यायचा म्हणून कागद, ब्रश सगळं बरोबर घेऊन आला होता. आम्ही त्याच्या सरकारी लाँचमधून निघालो; आबा पहाटेच पुढे गेले होते. बेट जवळ आलं. वीरगळ उन्हात झगमगत होते. सगळ्यांना चंदेरी ऑइलपेंट, घोडे पिवळे, तलवारी लाल, आणि प्रत्येक वीराला काळेभोर डोळे. आबा धुतलेलं धोतर नेसून हार घेऊन उभे होते. आठ दिवस एकटे राबले होते. आमच्याकडे देवाची डागडुजी अशीच करतात; पाहुणा येणार म्हटल्यावर त्यांनी जे करायचं ते मनापासून केलं होतं.

साहेब पाचव्या दगडापुढे गुडघ्यावर बसला. तळाची पट्टी गुळगुळीत होती. "आबा, इथंच अक्षरं होती ना?"

"व्हती की. तारेच्या बरशानं समदा शेंदूर खरवडला, पार दगुड लागंस्तवर. पापुद्रं निगालं, त्येच्यासंगं..." आबा खाली बसले. पट्टीवर बोट ठेवून डावीकडून उजवीकडे नेलं, पुन्हा एकदा नेलं. बोट कुठेच अडलं नाही. हार त्यांच्या दुसऱ्या हातातच राहिला.

साहेबाने नाइलाजाने 'अलीकडे रंगवलेले दगड, लेख आढळला नाही' असं लिहून घेतलं. घरी येऊन मी माझे सगळे फोटो उपसले. शेकड्याने होते. प्रत्येकात त्या दगडाला टेकून कोणी ना कोणी उभं, कोणाचे पाय, कोणाची पिशवी. एकात तर माझीच पिशवी होती. दीड ओळीतलं एक अक्षरही मिळालं नाही.

आठवड्याने मी आबांकडे गेले. म्हटलं, "चूक माझी. मी नीट सांगायला हवं होतं." ते जाळं विणत होते. "न्हाई बाई. तुमी स्वच्छ म्हनला. घासलं म्या." त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर मी सुटले असते.

आबा या पावसाळ्यात गेले. त्याआधी, हिवाळ्यात, मी एकदा हट्टाने त्यांना बेटावर घेऊन गेले. तिथे आता पर्यटकांचे तंबू लागले होते आणि वीरगळांसमोर प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. होडी काठाला लागली. मी उतरून हात पुढे केला. आबा वल्हं मांडीवर घेऊन बसून राहिले.

"चला की, आबा."

"तुमी या जाऊन," ते म्हणाले. "लढाईत मेला तरी तो हितं व्हता. म्या त्येला पुसला. कसा उतरू?"

मी हात मागे घेतला आणि परत होडीत येऊन बसले.